कामोठे ते हिंजवडी, जुन्या डिझेल डिझायरने: ८ महिने, २२ हजार किलोमीटर

आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यावंच लागेल असं कंपनीने कळवलं, तेव्हा घर पुण्याला हलवायचा विचार दोन दिवस केला. पण मुलीची दहावी आणि आई-बाबांचे डॉक्टर, सगळं नवी मुंबईत. मग ठरलं, राहायचं कामोठ्यातच आणि जायचं-यायचं गाडीने. एका बाजूने १०७ किलोमीटर, त्यातले ९४ मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचे, कळंबोली ते किवळे. महिन्याला १३ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ २,८०० किलोमीटर. गाडीसाठी हातात पाच लाख, त्यातच नाव ट्रान्सफर आणि सुरुवातीची दुरुस्तीही बसवायची होती.

आधी टोलचं सांगतो, कारण सेकंड हॅण्ड गाडी बघणारा माणूस मायलेज मायलेज करत बसतो आणि टोल विसरतो. कारला एका बाजूचे ३२० रुपये, जाऊन-येऊन ६४०. महिन्याचे ८,३२०. गाडी कुठलीही घ्या, यातला रुपया कमी होत नाही. माझ्या डिझेलचा महिन्याचा खर्च अकरा हजारांच्या आसपास आहे, यावरून टोलचं वजन लक्षात येईल. खारघर आणि कामोठ्यातले दोन सहकारी सोबत असतात आणि टोल तिघांत वाटतो, म्हणून हे झेपतं. एकट्याने रोज जायचं असेल तर गाडी बघायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडाच.

आता इंधन. पेट्रोल शंभरीपार, डिझेल नव्वदीच्या घरात, सीएनजी ऐंशीच्या आसपास. पेट्रोल गाडीने हायवेला १७ चा ॲव्हरेज दिला तर महिन्याचे १७ हजार जातात. डिझेलने २३ दिला तर ११ हजार. सीएनजीवर किलोला २५ मिळाले तर नऊ हजारच. कागदावर सीएनजी जिंकते, आणि माझं रोजचं जाणं खारघर ते ठाणे असतं तर मी डोळे झाकून सीएनजी वॅगनआर घेतली असती.

पण मित्राची सीएनजी गाडी घेऊन मी मुद्दाम एक फेरी मारली, चौघं बसून. खोपोली सोडून घाट लागला आणि फरक कळला. सीएनजीवर इंजिनाची ताकद कमी होतेच. चढावर पुढे ट्रक, मागून बस अंगावर येते आणि गाडी ओढत नाही, तेव्हा पेट्रोलवर टाकावं लागतं. त्यात सकाळी पंपावरची रांग. आणि सिलिंडरने डिकी खाल्ली की तिघांच्या बॅगा मांडीवर. महिन्याला दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण घाटात दम धरणारी गाडी हवी, हे त्या दिवशी पक्कं झालं.

डिझेल म्हटलं की लोक घाबरवतात, दहा वर्षांत भंगारात जाईल म्हणून. तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचा (एनसीआर) आहे. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे फिटनेस आणि ग्रीन टॅक्स भरून वाढवता येतं. माझ्या आरसीवर, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या कार्डावर, २०३२ पर्यंतची मुदत आहे. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये, धुराचे बीएस-६ हे कडक नियम आल्यावर, डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे ही १२४८ सीसीच्या डीडीआयएस या डिझेल इंजिनाची डिझायर आता जुनीच मिळते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. मात्र ऑइल वेळेवर बदललं नसेल तर तीच चेन ताणते. म्हणून सर्व्हिसची बिलं नसलेली डिझेल गाडी कितीही चकचकीत दिसली तरी मी बघितली नाही.

पनवेलच्या बाजूला एका डीलरकडे २०१८ ची चंदेरी गाडी होती, मीटर ५२ हजार. कळंबोलीचा आमचा मेकॅनिक सोबत होता. त्याने बॉनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवा बसला आणि क्लच पेडलच्या रबरावर अंगठा फिरवला. रबराच्या रेघा पार गेल्या होत्या, एका कडेला खालचं लोखंड दिसत होतं. सीटची दाराकडची बाजू दबलेली. "दादा, ५२ हजारांत पेडल असं होत नाही," एवढंच म्हणाला. सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून रेकॉर्ड काढलं, तर २०२२ मध्येच ९१ हजारांची नोंद! मीटर मागे फिरवला होता. तीन हजारांचं टोकन दिलं होतं, ते परत मिळायला महिना लागला. तेव्हापासून कुणीही विचारलं तर सांगतो, मीटर वाचू नका, पेडल बघा आणि रेकॉर्ड काढा.

शेवटी नेरुळच्या एका निवृत्त काकांकडे २०१७ ची डिझायर व्हीडीआय (डिझेलचं एक मॉडेल) मिळाली. पहिलेच मालक, ८४ हजार किलोमीटर, ४ लाख ६५ हजार. काकांनी एक फाइल पुढे ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, वायपरच्या पट्टीची पावतीसुद्धा टाचलेली. बिलांच्या पाठीमागे पेन्सिलने डिझेलचे लीटर आणि किलोमीटर, सात वर्षांचे. मी भाव केला नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: नाव ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. ई-चलन आधीच्या मालकाकडून भरून घ्या. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे धरून चाला. २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागलीय का बघा.

गाडी घेतल्यावर पहिला खर्च टायरचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, माझ्यावर २२१७ होते: २०१७ चा बाविसावा आठवडा.  बाजूला नखाने उकरता येतील अशा बारीक भेगा. एक्सप्रेसवेचं काँक्रीट, मे महिन्याचं ऊन आणि सलग तासभर वेग, यात असा टायर फुटला तर गाडी हातात राहत नाही. चारही बदलले, १७ हजार गेले. या रस्त्यावर गाडी घालण्याआधी करायचं एकच काम असेल तर हेच.

ॲव्हरेज मी टाकी फुल ते टाकी फुल असाच काढतो, स्क्रीनवरचा आकडा धरत नाही. कंपनीचा एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला, आकडा २८.४ आहे. मला आठ महिन्यांची सरासरी २३.१ मिळाली. ८५ च्या वेगाला २५ मिळतो, १०० ला धरून चालवली की २१ वर येतो. सपाट भागात ८५ ने गेल्यावर फार तर आठ मिनिटं जास्त लागतात आणि दिवसाचे शंभर रुपये वाचतात. टाकी ३७ लीटरची, सोमवारी भरली की आठवडा निघतो.

चढाला गाडी छान ओढते, फक्त आरपीएम दोन हजारांच्या खाली पडू द्यायचे नाहीत, वेळेवर गिअर खाली घ्यायचा. उतरताना तिसऱ्या गिअरवर सोडतो, ब्रेक लागेल तेवढाच. लोणावळ्याहून खाली येताना ब्रेकचा जळका वास सोडणारे ट्रक दिसले की पोटात गोळा येतो, त्यांच्या पुढे राहायचं नाही. पावसाळ्यात खंडाळ्याला धुकं उतरलं की बॉनेटपुढचं दिसत नाही. जुलैत फॉग लॅम्प बसवून घेतले, ते आधीच बसवायला हवे होते.

९८ हजारांना क्लच गेला. घाटात ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढायचा, वेग तेवढाच. शहरात चाललेल्या गाडीची मूळ क्लच प्लेट एवढ्या किलोमीटरला संपायचीच. सेट आणि मजुरी मिळून साडेतेरा हजार. बाकी दोन सर्व्हिस, एक बॅटरी.

परवा मीटर १,०६,००० ला पोचला. खड्ड्यात पुढून टक टक आवाज येतोय, मेकॅनिक म्हणाला लोअर आर्मचे बुश, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमधले रबर. ते गणपतीच्या आधीच बदलून घेणार आहे, कारण यंदा राजापूरला एसटीने नाही, याच गाडीने जायचंय.