बोर्ड गेलाय काका: न बदललेल्या मदरबोर्डचे पैसे

एका दुरुस्तीवाल्याने माझ्या बाबांकडून मदरबोर्ड (कॉम्प्युटरचे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बदलल्याचे पैसे घेतले आणि बोर्ड बदललाच नव्हता. वर रॅमची एक पट्टीही काढून नेली. घरात जुना डेस्कटॉप असेल आणि तो मधूनच बंद पडत असेल, तर तुमच्याशीही कोणी असं वागू शकतं, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

कॉम्प्युटर ११ वर्षांचा. बाबा त्यावर आपल्या आठवणी टाइप करतात, त्यामुळे त्यांचा जीव त्यात अडकलेला. त्यांची तक्रार अशी होती: आधी पंख्याचा आवाज वाढतो, मग मशीन मंद होतं आणि एकदम बंद पडतं. विंडोज कोलमडल्यावर दिसतो तो निळा स्क्रीन येत नाही, कसली सूचना येत नाही. लगेच चालू केलं तर दोन-तीन मिनिटांत पुन्हा बंद. तासभर थांबून चालू केलं तर वीसेक मिनिटं चालतं.

रोगाचं नाव याच वर्णनात होतं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही तापमान चढत राहिलं तर वीजच तोडली जाते, आणि ती क्षणात तुटते म्हणून स्क्रीनवर काही उमटायला वेळच मिळत नाही. थंड झाल्यावर जास्त वेळ चालणं आणि गरम असताना लगेच बंद पडणं ही उष्णतेची खूण. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, खराब असेल तर असा ठरावीक क्रम सहसा दिसत नाही. तो कधीही दगा देतो, किंवा एकदम लोड आला की. केबल सैल असेल तर टेबलाला धक्का लागला तरी मशीन बंद पडतं. बाबांनी हे सगळं जसंच्या तसं त्या दुरुस्तीवाल्याला सांगितलं होतं. मी तेव्हा तिथे नव्हते.

त्याने कॅबिनेटची बाजू उघडली, दोन मिनिटं आत पाहिलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय काका." मोबाइलवर फुगलेल्या कपॅसिटरचा (बोर्डवरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांचा) फोटो दाखवला, हे तुमच्याच बोर्डवरचे आहेत म्हणून. बाबा विचारात पडलेले पाहून पुढे म्हणाला, "असंच चालवलंत तर हार्ड डिस्कपण जाईल. मग लिहिलेलं काही मिळायचं नाही." बाबा तिथेच हो म्हणाले. अचानक बंद पडण्याने फाइल खराब होऊ शकते, हे खरं. पण त्यावरचा उपाय म्हणजे त्याच दिवशी फाइलींची प्रत काढून ठेवणं. मदरबोर्ड बदलून लिखाण सुरक्षित होत नाही.

अख्खं मशीन तो घेऊन गेला, हार्ड डिस्कसकट. चार दिवसांनी आणून दिलं, बाबांसमोर दहा मिनिटं चालवून दाखवलं आणि म्हणाला, "बघा, एकदम ओके." थंड मशीन तर पहिल्यापासूनच वीस मिनिटं चालत होतं! अधूनमधून उद्भवणाऱ्या बिघाडात फसवणं इतकं सोपं असतं ते यामुळेच. बिघाड दिसला नाही म्हणजे दुरुस्ती झाली असं आपण धरून चालतो. बाबांनी पैसे रोख दिले. बिल नाही. जुना बोर्ड मागितला तर, "तो कंपनीत जमा करावा लागतो."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोन केल्यावर तो म्हणाला, आता प्रोसेसर गेला असणार. तेव्हा कुठे बाबांनी मला सांगितलं.

मी घरी गेल्यावर आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवर ४१ या नोंदींची रांगच होती, दुरुस्तीच्या आधीही आणि नंतरही. या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. बंद पडण्याचं कारण ही नोंद सांगत नाही, त्यामुळे तिच्यावरून कोणी "बोर्ड गेला" म्हणत असेल तर पटवून घेऊ नका. मात्र तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य होता, म्हणजे निळ्या स्क्रीनची नोंद नव्हती. अशा वेळी संशय वीज किंवा उष्णतेकडे आधी जातो. मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं. काहीही सुरू नसताना प्रोसेसर ७८ अंशांवर. एक व्हिडिओ लावला, दोन मिनिटांत १००, मशीन मंद झालं आणि बंद पडलं. बंद पडण्याआधी मल्टिमीटरने एसएमपीएसची पिवळी वायर तपासून घेतली होती: १२.१ व्होल्ट. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं, म्हणजे तिथे दोष नव्हता. (एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत धोकादायक चार्ज राहू शकतो.)

मग प्लग काढून कॅबिनेट उघडलं. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) बोर्डवर धरून ठेवणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या पिनांपैकी दोन सुटून वर आल्या होत्या. पात्यांमध्ये धुळीचा थर नमद्यासारखा बसलेला. हीटसिंक काढला तर खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा लेप, वाळून कडक झालेली, नखाने खरवडली तर तुकडे पडत होते.

ती पेस्ट पाहून मला धक्काच बसला. बोर्ड बदलायचा तर प्रोसेसर जुन्यातून काढून नव्यात बसवावा लागतो. त्यासाठी हीटसिंक काढणं आणि नवी पेस्ट लावणं आलंच. ही पेस्ट कित्येक वर्षांत कोणी हलवलेली नव्हती.

बाबा खोकी जपून ठेवतात. मदरबोर्डचं मूळ खोकं माळ्यावर मिळालं. त्यावरचा सीरियल नंबर आणि बोर्डच्या कडेवरच्या स्टिकरचा नंबर एकच. कपॅसिटरही तपासले: सगळे सॉलिड प्रकारचे, सपाट माथ्याचे, एकही फुगलेला नाही. फोटोत दिसले होते ते जुन्या पद्धतीचे, माथ्यावर फुलीची खाच असलेले. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी बोर्डचा होता.

खोकं नसेल तरी पडताळता येतं. नेटवर्कचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवर मशीन ओळखायचा क्रमांक) मदरबोर्डवरच्या चिपचा असतो. केबलने जोडलेल्या मशीनचा राउटरच्या यादीतला जुना अॅड्रेस तसाच दिसत असेल, तर बोर्डही बहुधा तोच आहे. शिवाय बोर्ड बदलल्यावर विंडोज बहुतेक वेळा पुन्हा सक्रिय करावं लागतं. आमच्याकडे दोन्ही आधीसारखंच होतं. आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅम दिसत होती ८ जीबी. आठ-आठच्या दोन पट्ट्या मी स्वतः बसवल्या होत्या.

मी त्याला फोन केला. नव्या बोर्डवर जुनाच नंबर टाकून येतो, असं तो म्हणाला. खोक्यावरच्या स्टिकरबद्दल विचारलं तेव्हा फोन कट झाला आणि नंतर कधी उचलला गेला नाही. हातात बिल नाही, मशीन दिल्याची पावती नाही, पैसे रोख. तक्रारीला जोडायला आमच्याकडे काहीही नव्हतं. दुरुस्तीला देण्याआधी बोर्ड, रॅम आणि डिस्कच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवले असते, तर निदान दाखवायला काहीतरी असतं. काढलेला भाग परत मिळेल हे आधीच कबूल करून घ्यायला हवं होतं. आणि डिस्क काढून घरीच ठेवायला हवी होती. बोर्ड तपासायला आमच्या डिस्कची गरज नव्हती, आणि ब्राउझरमध्ये बाबांचे सगळे पासवर्ड साठवलेले होते. ते चार दिवस परक्याच्या हातात होते, याचीच मला अजून सगळ्यात जास्त भीती वाटते. त्याच रात्री बसून आम्ही बँकेपासून ईमेलपर्यंत सगळे बदलले.

दुरुस्तीला एक संध्याकाळ पुरली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, धूळ काढली, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि चारही पिना तिरप्या जोड्यांनी, टक आवाज येईपर्यंत दाबल्या. मग बोर्डच्या मागून पाहून घेतलं की चारही आरपार आल्या आहेत. आता मशीन रिकामं असताना ४० अंशांच्या आत राहतं. तासभर व्हिडिओ चालवला तरी ६५ च्या वर गेलं नाही.

बाबा गप्प गप्प होते. "मी त्याला सगळं नीट सांगितलं होतं गं," एवढंच म्हणाले. खरंच नीट सांगितलं होतं त्यांनी.

या गोष्टीला पाच महिने झाले. लॉगमध्ये ४१ ची एकही नवी नोंद नाही. रॅमचा दुसरा स्लॉट अजून रिकामा आहे.