लाल पेशींतल्या इन्क्लूजनचा स्लाइड-संच: चांगला, पण एक स्लाइड बदलायलाच हवी

मी लॅब टेक्निशियनच्या वर्गाला रक्ताचे स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा पातळ थर, वाचायला शिकवते. लाल पेशींतल्या इन्क्लूजनच्या, म्हणजे पेशीच्या आत दिसणाऱ्या कणांच्या आणि ठिपक्यांच्या, तयार स्लाइडचा हा संच घ्या, असं मी नक्की सांगेन. एका स्लाइडबद्दल मात्र माझी ठाम तक्रार आहे.

संचातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जोड्या. हॉवेल-जॉली बॉडी आणि पॅपनहायमर कण लेशमन स्टेनमध्ये (स्मिअरच्या नेहमीच्या रंगात) दोन्ही निळसर-जांभळेच दिसतात. हॉवेल-जॉली बहुधा एकटी, गोल, गडद. पॅपनहायमर बारीक, कडेला घोळक्याने. वर्णन सोपं आहे, पण ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या जास्त मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली) नवख्यांची गफलत होतेच. इथे त्याच रक्ताची दुसरी स्लाइड पर्ल्स स्टेनची, म्हणजे लोह दाखवणाऱ्या रंगाची, दिली आहे. पॅपनहायमर कणांत लोह असल्याने ते त्यात निळे उठतात. हॉवेल-जॉली म्हणजे केंद्रकाचा उरलेला डीएनए, तो हा रंग घेत नाही. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि हा फरक कळायलाच हवा. धडधाकट प्लीहा हॉवेल-जॉली बॉडी पेशीतून काढून टाकते. त्या रक्तात दिसल्या, तर प्लीहा काढलेली आहे का, की सिकल सेलसारख्या आजाराने निकामी झाली आहे, हे विचारायला हवं. अशा रुग्णाला न्यूमोकोकस या जिवाणूचा संसर्ग जिवावर बेतू शकतो, म्हणून त्याच्या लशी झाल्या आहेत का हे पाहावं लागतं. मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमियातही (बी१२ किंवा फोलेटच्या कमतरतेने होतो तसा अ‍ॅनिमिया) या बॉडी दिसतात. रिपोर्टात त्यांची नोंद राहून गेली तर डॉक्टरांना हा प्रश्न सुचणार कुठून?

बेसोफिलिक स्टिपलिंगची, म्हणजे लाल पेशीतल्या निळ्या ठिपक्यांची, स्लाइड सुरेख आहे, ठिपके भरड आणि पेशीभर पसरलेले. सोबतच्या पुस्तिकेत कारण म्हणून फक्त शिशाची विषबाधा दिली आहे, ते अपुरं आहे. थॅलेसेमियातही स्टिपलिंग दिसतं. कॅबट रिंग, म्हणजे लाल पेशीतलं धाग्यासारखं कडं, मुळातच दुर्मिळ. इथे आठच्या आकड्यासारखी एक स्पष्ट सापडते.

आता तक्रार. ‘हाइन्झ बॉडी’ असं लेबल लावलेली स्लाइड लेशमनची आहे. हाइन्झ बॉडी म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे, आणि लेशमनमध्ये ते दिसतच नाहीत. त्यासाठी ताज्या, फिक्स न केलेल्या रक्तात मिथिल व्हायोलेटसारखा सुप्राव्हायटल (जिवंत पेशींना दिला जाणारा) रंग मिसळून मग स्मिअर करावा लागतो. या स्लाइडवर दिसतात त्या कडेचा लचका तुटलेल्या बाइट सेल. विद्यार्थी अशी स्लाइड पाहून शिकला, तर हाइन्झ बॉडी लेशमनमध्ये दिसतात असं तो धरून चालेल, आणि जी६पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्या, प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन ही अशा पेशींना घातक औषधं घेतलेल्या रुग्णाचा लेशमन स्मिअर बघून तो ‘हाइन्झ बॉडी नाहीत’ असं बिनधास्त लिहील. कंपनीने ही स्लाइड बदलून द्यावी. तोवर मी तिच्यावर ‘बाइट सेल’ अशी चिठ्ठी लावली आहे आणि हाइन्झ बॉडी वर्गात ताज्या रक्तावर दाखवते.