फ्लेक्स सेन्सर: रोबोटिक हातावर आठ महिने वापरून

थ्रीडी प्रिंट केलेल्या हाताच्या पाच बोटांवर पाच फ्लेक्स सेन्सर, २.२ इंचवाले. म्हणजे वीजवाहक शाई छापलेल्या पातळ पट्ट्या, वाकवल्या की त्यांचा विद्युत रोध बदलतो. बोटं तंगूसने ओढली जातात, ओढणारे सर्वो (छोट्या मोटर) मनगटात. आता सर्वो फिरला म्हणजे बोट वाकलंच असं नसतं, तंगूस ढिली पडते, म्हणून बोट खरंच किती वाकलंय ते बघायला प्रत्येकाच्या पाठीवर ही पट्टी.

सुरुवातीला मी शहाणपणा केला, झटपट गोंद लावून पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवून टाकली. दिसायला एकदम भारी. पण बोट वाकलं की पाठीवरचं अंतर वाढतं आणि पट्टी काही रबर नाही, ताणली जात नाही, मग एकतर उखडते नाहीतर आतली शाई तडकते. तिसऱ्या आठवड्यात तर्जनीचं रीडिंग उड्या मारायला लागलं, पट्टी गेली कचऱ्यात.

आता मुळाशी घट्ट आणि टोकाकडे मोकळी. आईने नायलॉनच्या रिबनचा नेफा शिवून दिला, पट्टी त्यात नाडीसारखी सरकते. तेव्हापासून त्या बोटाचा त्रास नाही.

मुळाशी घट्ट म्हणजे खरंच घट्ट हं, पिना जिथे दाबून बसवल्यात तीच या सेन्सरची सगळ्यात नाजूक जागा. तिथे वाक आला की संपलं. मी पिनांसकट पहिला सेंटीमीटरभर भाग छोट्या क्लॅम्पमध्ये धरलाय. पिनांना थेट सोल्डर करू नका, प्लास्टिक वितळतं, कनेक्टर लावा आणि वरून श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी).

मधल्या बोटाची पट्टी उलटी बसवली होती, रीडिंग जेमतेम हलायचं आणि मी अख्खी संध्याकाळ कोडमध्ये चूक शोधत बसलो. छापील बाजू वाकाच्या बाहेर हवी, एवढंच.

रीडिंगचं म्हणाल तर २२ किलोओहमच्या रेझिस्टरसोबत करंगळी सरळ असताना कोडमध्ये दिसणारा आकडा ४८० च्या आसपास, मूठ बंद केली की २२०. शेजारच्या बोटाचे आकडे वेगळेच, डेटाशीटमध्येच (कंपनीच्या माहितीपत्रकात) रोधात ±३० टक्के फरक लिहिलाय. मूठ दहा मिनिटं धरून ठेवली की आकडा हळूहळू सरकतो आणि सोडल्यावर लगेच मूळ जागी येत नाही. म्हणून चालू केल्यावर हात दोनदा उघडबंद करून कॅलिब्रेट करतो, म्हणजे सरळ आणि बंद मुठीचे आकडे नव्याने ठरवतो. नेमके अंश हवे असतील तर सांध्यात पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) बसवा. सरळ, अर्धं, पूर्ण एवढंच कळायला हवं असेल तर हे मस्त. १९८९ च्या पॉवर ग्लोव्हमध्येही (निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेमसाठीचा हातमोजा) अशाच शाईच्या पट्ट्या होत्या आणि तोही बोटाच्या मोजक्याच पायऱ्या ओळखायचा.

अंगठ्याचं मात्र जमलं नाही. तो वाकतो आणि फिरतोही, नेफा पिळला जातो, पट्टी आडवी होते. शेवटी तिथली काढूनच ठेवलीये.