कंपनीच्या भाड्यावर घर : फोंड्यातील एका घरशोध सेवेचा अनुभव

कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत रुजू होताना मला जे पत्र मिळाले, त्यात घरभाड्याची तरतूद अशी होती : दरमहा 18,000 रुपयांपर्यंतचे भाडे कंपनी थेट घरमालकाच्या खात्यात जमा करणार, त्यावरची रक्कम मी भरायची आणि 60 दिवसांच्या आत घर निश्चित करायचे. कुडाळहून येताना ही सोय मला फार मोठी वाटली होती. मात्र पहिले तीन आठवडे मी स्वतःच घर शोधत फिरले, तेव्हा भाडे कंपनी देणार हे ऐकताच बरेच घरमालक मागे सरतात, असे दिसून आले. त्यानंतर फोंडा शहरातील ज्या एजंटकडे मी गेले, त्यांच्या कामाविषयी हे लिहीत आहे.

त्यांनी दाखवलेले पहिले घर फर्मागुडीला होते. घर उत्तम, भाडेही मर्यादेत. पण घर वडिलोपार्जित आणि भावंडांच्या सामाईक मालकीचे निघाले. आमच्याशी बोलणाऱ्या भावाने इतरांना विचारलेलेच नव्हते. गोव्यात वारसांची वाटणी न झालेली घरे गावोगावी आहेत, त्यामुळे घर दाखवण्याआधी मालकी कोणाकोणाची आहे हे पाहणे एजंटचे पहिले काम ठरते. ते येथे झाले नाही आणि माझा आठवडा वाया गेला.

दुसरे घर कवळ्याला मिळाले : चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मागे विहीर. मालकीणबाईंनी मला प्रेमाने चहा दिला, परंतु कंपनीचे पत्र पाहताच त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कंपनीने उद्या पैसे बंद केले तर मी कोणाकडे मागू? आणि तू घर सोडलेच नाहीस तर?" ही भीती मला अवाजवी वाटत नाही. 1968 च्या भाडेनियंत्रण कायद्याखालील आणि 1975 च्या मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेतील घरात राहणारा, ज्याला सहजी बाहेर काढता येत नाही) कायद्याखालील वर्षानुवर्षे चाललेले दावे येथील घरोघरच्या बोलण्यात असतात, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईला त्यांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

एजंटचे खरे कसब येथे दिसले. मुंडकाराच्या व्याख्येतून घराचे भाडे देणारी व्यक्ती वगळलेली आहे, हे त्यांनी बाईंना कोकणीत, घाई न करता समजावले. कंपनी भाड्यातून कर कापून घेईल ही बाईंची दुसरी शंका होती. 1 एप्रिल 2025 पासून दरमहा 50,000 रुपयांपर्यंतच्या भाड्यावर अशी कपात करावी लागत नाही, हे सांगितल्यावर तीही मिटली. करार 11 महिन्यांचा केला, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते. कंपनीकडून भाडे थकल्यास ते मी स्वतः भरेन, असे कलम त्यांनी करारात घातले. या एका कलमाने बाईंचा चेहरा बदलला.

घराची तपासणीही त्यांनी मनापासून केली. अमेरिकेत अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सरकारी भाडे-व्हाउचर मिळते. त्यात कुटुंब साधारणपणे आपल्या उत्पन्नाच्या 30 टक्के भरते, उरलेले भाडे सरकारी संस्था मालकाला देते, आणि घर राहण्यायोग्य आहे की नाही याची तपासणी होते. माझी कंपनी भाडे देते, पण घर पाहायला कोणी येत नाही. ती उणीव एजंटने भरून काढली. त्यांनी मला मुद्दाम जुलैच्या भर पावसात घर पाहायला नेले, स्वयंपाकघराच्या भिंतीला आलेली ओल दाखवली, फुटकी कौले मोजली आणि मी राहायला येण्याआधी ती मालकीणबाईंकडून बदलून घेतली. घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल बाईंच्याच नावावर असल्याची खात्रीही या वेळी त्यांनी आधीच करून घेतली होती.

पैशांच्या बाबतीत मात्र त्यांचा व्यवहार मला पटला नाही. दलाली एक महिन्याच्या भाड्याइतकी, हे सुरुवातीलाच ठरले होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु करार तयार करणे आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे यांचे वेगळे 2,500 रुपये सहीच्या दिवशी सांगण्यात आले. दोन महिन्यांची अनामतही कंपनी देत नाही हे त्यांना ठाऊक असूनही तिचा विषय शेवटी निघाला, आणि 36,000 रुपयांसाठी मला भावाकडे हात पसरावा लागला. ही माहिती पहिल्या दिवशी मिळाली असती तर मी तजवीज केली असती.

कंपनीच्या किंवा अन्य कोणाच्या मदतीने भाडे भरणाऱ्यांनी या एजंटकडे अवश्य जावे. मी पाचपैकी चार गुण देते. जाताना सर्व खर्चाचा लेखी तपशील मागावा आणि घर सामाईक आहे का, हे पाहायला निघण्यापूर्वीच विचारावे. माझे ऑगस्टचे भाडे 5 तारखेला बाईंच्या खात्यात जमा झाले, आणि पासबुकातली ती नोंद दाखवायला त्या स्वतः माझ्या दारी आल्या.