कोमिनोची प्रायव्हेट बोट, एक अख्खा सीझन वापरून: सगळं छान, पण ती शिडी!

मे महिन्यापासून आमच्याकडे माल्टात पाहुणे येत राहिले आणि दर वेळी आम्ही एकाच कंपनीची बोट घेतली, शेवटची खेप सोडली तर तीच, त्यामुळे हे एका दिवसाच्या उत्साहात लिहिलेलं नाही. बोट नेहमीचीच: सात मीटरची, वर कापडी छत, मागे एक आउटबोर्ड इंजिन, आठ माणसं, स्किपर (म्हणजे बोट चालवणारा) त्यांचा. सकाळी माल्टाच्या उत्तरेतल्या बुजिब्बाहून निघायचं, शेजारच्या छोट्या कोमिनो बेटाला वळसा घालायचा, जमलं तर पलीकडच्या गोझो बेटाच्या कड्यांखालून फिरायचं आणि संध्याकाळी परत. ब्लू लगून, म्हणजे कोमिनोजवळचं ते उथळ निळं पाणी, कसं दिसतं ते सांगत बसत नाही. रील्स सगळ्यांनी पाहिलेत, आणि पाणी खरोखर तसंच आहे, फिल्टर नाही. ऑगस्टमध्ये बोट भर समुद्रात बंद पडली, त्यावरून पैशांची वादावादी झाली, ते खाली येईलच. पण माझी मुख्य तक्रार इंजिनाबद्दल नाही. शिडीबद्दल आहे.

शिडी म्हणजे पाण्यातून परत बोटीवर चढायची. मागच्या फळीला लावलेली, घडी होणारी, स्टीलची. उलगडली की तीन पायऱ्या, त्यातली एकच धड पाण्याखाली जाते. पायऱ्या तरी कसल्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या गोल नळ्या, ओल्या तळपायात रुतणाऱ्या. खाली टेकायला काही नसतं, त्यामुळे पहिली पायरी गाठायला गुडघा पार छातीशी आणावा लागतो. पाय टाकून जोर दिला की शिडी बोटीखाली आत जाते आणि आपण पाठीवर मागे. विशीतल्या पोरांना हे कळतसुद्धा नाही, ती हातांच्या जोरावर वर येतात. पण पाहुणे म्हणून भारतातून येतं कोण? गुडघे दुखणारी माणसंच येतात ना!

माझ्या सासूबाई रेवदंड्याच्या. लहानपणी वाडीतल्या विहिरीत, पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकल्या. आम्हा सगळ्यांत उत्तम पोहतात त्या. मे संपता संपता आल्या, जूनमध्ये पहिल्यांदा बोटीवर नेलं, तर स्किपरने नांगर टाकेपर्यंतसुद्धा त्यांना दम निघेना. पंजाबी ड्रेस, वरून लाइफ जॅकेट, तेही थोड्या वेळाने काढून टाकलं. उताण्या पडून आकाशाकडे बघत तरंगत होत्या. मी बोटीवर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खात होते आणि मनात म्हणत होते, पैसे वसूल.

मग त्या वर यायला लागल्या. सलवारीत पाणी भरलेलं, ती पायांना चिकटलेली. एक पाय नळीवर, दुसरा बोटीखाली. वरून स्किपर दोन्ही हात धरून ओढतोय, खालून माझा नवरा ढकलतोय, आणि माझी मुलगी मदत करायची सोडून व्हिडिओ काढतेय. शेवटी सासूबाई पोटावर घसटत वर आल्या, कोपर सोललं. उठून बसल्या, ओढणी पिळली आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, आमच्या विहिरीलासुद्धा पायऱ्या होत्या." त्या दिवशी पुन्हा काही त्या पाण्यात उतरल्या नाहीत. ते निळंशार पाणी हातभर अंतरावर, आणि त्या काठाला पाय सोडून बसलेल्या.

दिवसाचे 650 युरो देते मी. पाण्यात उडी मारायलाच देते ना? मग परत वर येण्याची सोय कोण बघणार? छताला एलईडी दिवे आहेत, ब्लूटूथ स्पीकर आहे, कप ठेवायला खाचे आहेत. शिडी मात्र तीन नळ्यांची. बर्फाचे वेगळे 10 युरो लावतात, तेही मी एकदाच दिले. नंतर घरून बाटल्या गोठवून नेल्या.

आता बाकीचं, कारण शिडी सोडली तर सांगण्यासारखं बरंच आहे आणि माझं मतही मधल्या काळात बदललं. सुरुवातीला मला प्रायव्हेट बोट हा निव्वळ दिखाऊपणा वाटायचा. माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिर्केव्वा धक्क्याहून कोमिनोला जायला साधी बोट मिळते, जाऊन-येऊन माणशी पंधरा युरोंच्या आसपास. सहा माणसांचे नव्वद. मग उरलेले साडेपाचशे कशाचे? उत्तर पहिल्या फेरीत मिळालं नाही, कारण आम्ही आरामात अकराला पोहोचलो. पर्यटकांच्या मोठ्या बोटी येऊन लागलेल्या, एकीचं संगीत दुसरीत मिसळतंय, अननस पोखरून त्यात दारू भरून विकतायत. मे 2025 पासून तिथे एका वेळी चार हजार माणसांची मर्यादा आली, किनाऱ्यावर उतरायचं तर आधी नोंदणी करून क्यूआर कोड, मनगटाला पट्टा. पूर्वी दहा हजारांच्या वर माणसं एका वेळी असायची म्हणे, त्या मानाने बरं. पण कोमिनो बेट सगळं मिळून साडेतीन चौरस किलोमीटरचं आणि त्यातला हा कोपरा किती! चार हजारही खूप झाले.

दुसऱ्या वेळी स्किपरनेच सांगितलं, आठला निघा. निघालो. साडेआठच्या सुमारास लगूनच्या तोंडाशी आम्ही आणि अजून दोन-तीन बोटी. पोहणाऱ्यांसाठी आखलेल्या भागात बोट जात नाही, बाहेर थांबावं लागतं, पण तेवढं पोहून जायला मजाच येते. दहाच्या आत तिथून गाशा गुंडाळायचा आणि सांता मारियाच्या गुहांकडे जायचं, किंवा दक्षिणेला क्रिस्टल लगूनमध्ये. मोठ्या बोटी येतात तेव्हा आपण गेलेलो असतो. साडेपाचशे युरो त्या दीड तासाचे आहेत, हे तेव्हा पटलं. अकराला निघणार असाल तर खरंच साधी बोट घ्या, उगाच पैसे घालवू नका.

स्किपरबद्दल तक्रार नाही. पोरगा विशी-पंचविशीतला, कमी बोलणारा, पण नांगर टाकताना नीट बघायचा. तळाशी जिथे गडद डाग दिसतात ते पॉसिडोनियाचं समुद्री गवत, त्यात नांगर टाकला की ते मुळासकट उपटतं. तो दर वेळी फिकट, वाळूचा भाग शोधायचा, मग उशीर झाला तरी चालेल. कुणी उडी मारण्याआधी पाण्यात जेलीफिश आहेत का तेही बघायचा. त्या जांभळट असतात आणि चांगल्याच भाजतात.

सासरे पाण्यात उतरत नाहीत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष इंजिनाकडे. पहिल्या दिवशी त्यांनी स्किपरला विचारलं, भरती कधी आहे? त्याला प्रश्नच कळेना. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. धक्का आणि बोट यांच्यातलं अंतर सकाळी जेवढं, संध्याकाळी तेवढंच. बाबांना काही हे पचनी पडेना. रोज गॅलरीत उभं राहून, पाणी उतरलं की नाही, ते बघायचे. पण त्यावरून मला एक सुचलं. कोकणात शिडी कधी आखूड पडली तर भरतीला दोष देता येईल. इथे पाणी जागेवरून हलत नाही, बोटीची उंची ठरलेली आहे, म्हणजे शिडी किती लांब हवी हे एकदाच मोजायचं. तेवढंही केलेलं नाही.

गोझोच्या पश्चिमेला द्वेयरापर्यंत जायचं तर वारा बघून जा. वायव्येचा वारा इथे फार, त्याला मय्यिस्त्राल म्हणतात, आणि तो सुटला की त्या बाजूला मोठ्या लाटा येतात. आम्हाला एकदा अर्ध्या वाटेतून परतावं लागलं. पैसे पूर्ण लावले, पण हे ठीक आहे, वारा काही कंपनीचा नाही. नंतर गेलो तेव्हा समुद्रातला फंगस रॉक नावाचा मोठा खडक जवळून पाहिला. त्यावरची एक वनस्पती त्या काळी माल्टावर राज्य करणारे नाइट्स औषध म्हणून इतकी जपायचे की 1746 मध्ये त्यांचा प्रमुख, ग्रँड मास्टर पिंटो, याने तिथे जायलाच बंदी केली. शेजारी जी प्रसिद्ध दगडी कमान होती, अझूर विंडो, ती 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली. तरी लोक तिथे बोट थांबवून रिकाम्या जागेचे फोटो काढतात. आम्हीही काढले.

ऑगस्ट. पंधरा तारखेला इथे सांता मारियाचा सण, अख्खं माल्टा गोझोला लोटतं आणि त्या आठवड्यात बोट मिळणं मुश्कील. आमचं बुकिंग आधीचं होतं. गोझोच्या दक्षिणेच्या कड्यांखालून जात होतो. इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते; थंड करायला आत घेतलेलं पाणी बाहेर येतंय याची ती खूण. बाबा तिच्याकडेच बघत बसले होते. "ए, धार बंद झाली बघ," असं ते मराठीत ओरडले आणि स्किपरने मान वळवेपर्यंत अलार्म वाजायला लागला. इंजिन वर उचललं तर पाणी ओढायच्या जाळीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली. ती काढली, पुन्हा सुरू केलं, धार काही येईना. बाबांचं निदान: आतल्या पंपाचा रबरी पंखा गेला. स्किपरने फोनवर मालकाला इंग्रजी-माल्टी मिसळून तेच सांगितलेलं दिसलं, कारण तो बाबांकडे बोट दाखवून बोलत होता.

तासाभराने दुसरी बोट आली, ओढत गोझोच्या इमजार बंदरात नेऊन सोडलं. तिथून मोठ्या फेरीबोटीने चिर्केव्वा, मग बस. फेरीबोटीचं तिकीट गोझोहून परतताना घेतात, पाहुण्यांचे माणशी 4.65 युरो. ते माझ्या खिशातून. दुपारचे दोन, ऊन डोक्यावर, अर्धा दिवस गेला. आणि हो, पोरांनी मधल्या तासात पोहून घेतलं. सासूबाई बसून राहिल्या. का, ते सांगायला नकोच.

मी अर्धे पैसे परत मागितले, 325 युरो. उत्तर आलं की हवामान आणि यांत्रिक बिघाड यांचा परतावा मिळत नाही. हवामान? आकाशात ढग नव्हता! मग 150 युरोंचं व्हाउचर देऊ म्हणाले. मी फेरीबोटीच्या तिकिटांचे फोटो, बसचे, अलार्म वाजतानाचा मुलीचा व्हिडिओ (तेवढी ती उपयोगी पडली), सगळं पाठवलं. निळ्या टिका दिसायच्या, उत्तर नाही. तीन आठवडे मागे लागल्यावर 250 चं व्हाउचर मिळालं, ऑक्टोबरअखेरपर्यंत वापरायचं, आणि तेही त्यांच्या मोठ्या बोटीवरच. मोठ्या बोटीचे 780. म्हणजे मलाच अजून 530 भरायला लावायची युक्ती. तोपर्यंत सासू-सासरे व्हिसा संपत आला म्हणून परतलेही होते. ऑगस्टअखेरीस मला विचारलं असतं तर मी या कंपनीला एक स्टार दिला असता, तोही स्किपरसाठी.

पण व्हाउचर फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही. ऑक्टोबरमध्ये माझी आई आली, तेव्हा मोठी बोट घेतली. चढल्या चढल्या मी आधी मागे जाऊन बघितलं. चार पायऱ्या, त्यातल्या तीन पाण्याखाली. पायऱ्या रुंद, सपाट, लाकडी पट्ट्यांच्या. दोन्ही बाजूंना धरायला दांडे, आणि शिडी बोटीपासून तिरकी बाहेर, आत झुलायचा प्रश्नच नाही. मी तिचा सगळ्या बाजूंनी फोटो काढला. स्किपर तोच, तो हसत होता.

आई आयुष्यात कधी पाण्यात उतरलेली नाही. जुहूला गेलं तरी साडी घोट्याच्या वर घेऊन लाटेपासून चार पावलं लांब. लगून जवळजवळ रिकामं होतं, ऑक्टोबरचं पाणी मे महिन्यापेक्षा कितीतरी ऊबदार. आई आधी शिडीच्या वरच्या पायरीवर बसली. मग एक पायरी खाली. मग आणखी एक. अर्ध्या तासाने बघते तर शेवटच्या पायरीवर, कमरेच्या वर पाण्यात, दोन्ही दांडे धरून बसलेली आणि खाली दिसणारे मासे मोजतेय. हात सोडले नाहीत, पण वर यायलाही तयार नव्हती. जेवायला हाका मारून बोलवावं लागलं.

त्या दिवसासाठी मी कंपनीला तीन स्टार जास्त देते. एकूण चार. एक कापला तो पंख्याचा आणि "हवामाना"चा.

आईचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला तर रेवदंड्याहून सासूबाईंचा लगेच व्हॉइस मेसेज: "माझ्या वेळी कुठे होती ही शिडी?" आता याला काय उत्तर द्यायचं? पुढच्या मेमध्ये त्या परत येणार आहेत, तिकिटं बघायला सुरुवात झालीये. मोठी बोट दर वेळी परवडणार नाही, 130 युरोंचा फरक आहे. म्हणून मी कंपनीला लिहिलं, हिवाळ्यात बोटी बाहेर काढाल तेव्हा लहान बोटीला तशीच शिडी बसवा, बसवली तर पुढच्या सीझनची चार बुकिंग्ज आत्ताच करते, आगाऊ पैसे भरून. दोन दिवसांनी उत्तर आलं, नुसता अंगठा. मी परत लिहिलं: अंगठा नको, शिडीचा फोटो पाठवा.