रोजचा दम्याचा पंप की कॅप्सूल? आमच्या घरचा हिशोब

आमच्या घरात दमेकरी दोन, मी आणि आई. औषध एकच, बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेलं, फक्त मी पंप ओढायचे आणि आई कॅप्सूल, म्हणजे ती प्लास्टिकच्या यंत्रात टाकून पावडर ओढायची असते ना ती. डॉक्टरांनी नुकतंच "बरं वाटलं तरी रोज घ्यायचं" सांगितलंय आणि मेडिकलवर बिल बघून पोटात गोळा आलाय, अशांसाठी लिहितेय.

सगळ्यात आधी, डबीवरची किंमत बघून ठरवू नका. मी वर्षभर हीच चूक केली. कॅप्सूलची डबी पंपापेक्षा स्वस्त दिसते म्हणून आईचं स्वस्तात भागतंय असं धरून चालले होते. डबीत कॅप्सूल ३०, सकाळ-रात्र एकेक म्हटलं की १५ दिवसांत डबी खलास, महिन्याला दोन डब्या. पंपात बहुतेक वेळा १२० पफ असतात, म्हणजे तो १२० वेळा दाबता येतो (छोटे पॅकही येतात, खोक्यावर आकडा बघाच), दोन सकाळी दोन रात्री घेतले तर बरोब्बर महिना, आणि डॉक्टरांनी एकेकच सांगितला असेल तर दोन महिने जातो. म्हणजे दोन-दोन पफवाल्याला पंप डबीच्या दुप्पट किमतीचा असला तरी खर्च तेवढाच, आणि एकेक पफवाल्याला चौपट असला तरी तेवढाच. कागदावर महिन्याचा आकडा काढा, मग बोला.

कॅप्सूलचा मोठा फायदा म्हणजे ती मोजता येते. आई "घेते गं रोज" म्हणायची आणि संपायला हवी होती त्या दिवशी डबीत ९ शिल्लक! विचारलं तर म्हणे बरं वाटत होतं, उगाच कशाला पैसे घालवायचे. पंपात हे कळतच नाही, मागे काउंटर, म्हणजे किती पफ उरले ते दाखवणारा आकडा, असलेला घेतला तरच कळतं. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघायचा जुना उपाय आहे तो चुकीचा आहे, त्यावरून काही समजत नाही.

तोटा असा की कॅप्सूलला जोरात आणि खोल ओढावं लागतं. लहान मुलं, फार थकलेली म्हातारी माणसं, किंवा ज्यांची धाप आधीच वाढलीय त्यांना ते जमत नाही, पावडर यंत्रातच राहते आणि पैसे वाया. ओढून झाल्यावर यंत्र उघडून बघायचं, पावडर दिसली तर परत ओढायचं. आणि ओलावा! आमचं गाव कोकणात, जुलैत तिथे मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे आई डबी झाकण उघडं ठेवून स्वयंपाकघरात ठेवायची. कॅप्सूल ऐन वेळीच बाहेर काढायची आणि झाकण घट्ट. (शेजारचे काका तर आठवडाभर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. हसू नका, नीट सांगितलंच नव्हतं कोणी.)

पंपाला जोर नको, पण दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमलं पाहिजे, नाहीतर निम्मं औषध घशात. त्यावर उपाय म्हणजे स्पेसर, पंपाच्या तोंडाला लावायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं, एकदाच काही शे रुपये जातात. तो साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही, पुसला की स्थिर वीज तयार होऊन औषध आतल्या बाजूला चिकटतं. औषध ओढून झाल्यावर चूळ भरणं दोन्हींना सक्तीचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि तिच्या औषधाचा खर्च वेगळा.

आता घ्यायचं कुठून. ब्रँडेड घेत असाल तर डॉक्टरांना सरळ विचारा की याच औषधाचा दुसऱ्या कंपनीचा स्वस्त आहे का, लाजू नका. हे कॉम्बिनेशन २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याला सरकारी कमाल किंमत लागू होते, 'फार्मा सही दाम' ॲपवर बघता येते. जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, बराच फरक पडतो, मात्र सगळ्या केंद्रांत सगळा माल नेहमी असेलच असं नाही, 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र शोधा, फोन करून मग जा आणि संपायच्या आठ दिवस आधी जा. तिथली कॅप्सूल तुमच्या यंत्रात नीट बसते का हेही बघून घ्या. महात्मा फुले योजनेची आशा धरू नका, ती ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या पंपाचे पैसे त्यात मिळत नाहीत. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर मात्र आधी त्यांच्या दवाखान्यात विचारा.

एक बचत मात्र अजिबात करू नका, ती म्हणजे रोजचं बंद करून फक्त सालब्युटामॉलचा पंप ठेवायचा, कारण तो स्वस्त आहे आणि लगेच मोकळं वाटतं. त्याने नळ्या तेवढ्यापुरत्या सैल होतात, आतली सूज तशीच राहते. दम्यावरच्या 'जिना' (GINA) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गाइडलाइनमध्ये २०१९ पासून मोठ्यांनी नुसत्या त्याच्यावर राहू नये असं स्पष्ट आहे. आईला त्या ९ कॅप्सूल वाचवल्यानंतर पंधरवड्यात रात्री दोनला नेब्युलायझरसाठी न्यावं लागलं, आणि त्या एका रात्रीच्या बिलात तिच्या कितीतरी महिन्यांच्या डब्या आल्या असत्या.

शेवटी डॉक्टरांसमोर दोघींनी ओढून दाखवलं आणि आमची चक्क अदलाबदल झाली. आईचा जोर कमी पडतोय म्हणून तिला काउंटरवाला पंप आणि स्पेसर, मला जनऔषधीची कॅप्सूल. घरचा एकूण खर्च पहिल्यापेक्षा कमी आहे. आई आता रोज रात्री काउंटरचा आकडा मला फोनवर वाचून दाखवते, आणि माझ्या डबीत किती राहिल्या ते विचारते.