काटा नाचला आणि माझे साडेएकतीस हजार गेले

जुनी जीप वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचा, म्हणजे माझ्यासारखं खिसा रिकामा झाल्यावर शहाणपण यायला नको.

आमच्या घरी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० इंजिनाची. बाबांनी १९९४ साली नवी घेतली आणि तेव्हापासून तिचं इंजिन एकदाही उघडलेलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवाळीनंतर ऑइल प्रेशरचा काटा वेड्यासारखा वागायला लागला. चालता चालता शून्यावर आपटायचा, खड्डा आला की टुणकन वर. हॉर्न दाबला तरी थरथरायचा. इंजिनाचा आवाज मात्र नेहमीचाच. तरी माझी तंतरली, कारण प्रेशर खरंच गेलं तर इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी घातली.

मिस्त्रीने डिपस्टिकचं तेल बोटांत चोळलं आणि मान हलवली. "दादा, बेअरिंगं गेलीत. ऑइल पंप पण."

"प्रेशर एकदा मोजून बघायचं का?"

"आता मोजायचं काय? काटा दिसतोय की समोर!"

चार दिवस गाडी तिथेच. बिल ३१,५०० रुपये, तेही वहीतल्या कागदावर. १८,००० यूपीआयने दिले. बाकी १३,५०० त्याने रोख मागितले, मी दिले. जुनी बेअरिंगं पिशवीत घालून हातात दिली, तेव्हा तर माणूस किती सरळ म्हणून मला कौतुकच वाटलं. दोन दिवस काटा शहाण्यासारखा राहिला. तिसऱ्या दिवशी खंबाटकी घाटात पुन्हा शून्यावर.

मग साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी नुसतं ऐकून घेतलं. म्हणाले, "काटा एवढ्या झटक्यात पडतो-चढतो, तिथं तेलाचा दोष नसतो बेटा. प्रेशर खरंच कमी असलं तर गाडी तापेल तसा काटा हळूहळू उतरतो, आणि रेस दिली की चढतो." मग इंजिनाच्या ब्लॉकवरचा सेंडर (तेलाचा दाब वायरीतून काट्याला कळवणारा पुर्जा) काढून त्याच भोकात साधं नळीचं गेज बसवलं. हे वायरवर नाही, थेट तेलाच्या दाबावर चालतं. इंजिन चांगलं तापवून बघितलं: आयडलला २० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर, रेस दिली की ४५. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, हा जुन्या मिस्त्रींचा हिशेब. त्यात आमची म्हातारी पास. पाव तासाचं काम, आणि इंजिनाला हात लावायच्या आधी एवढंच करायचं होतं.

दोष होता सेंडरच्या आट्यांवर. पांढरी टेफ्लॉन टेप. आमच्या सेंडरला वायर एकच. अर्थिंग त्याच्या अंगातून, आट्यांवाटे ब्लॉकला मिळतं. टेपमुळे ते कधी लागायचं, कधी सुटायचं. "नळाची टेप इथं कुणी गुंडाळली?" चाचांनी विचारलं. मी गप्प. पावसाळ्यात तिथून तेल पाझरत होतं म्हणून ती मीच लावली होती. टेप काढून आटे तारेच्या ब्रशने घासले, काटा जागेवर आला. मजुरी १५० रुपये.

पण चाचा तेवढ्यावर थांबले नाहीत. गाडीखाली सरकले आणि मलाही खाली बोलावलं. ऑइल चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ते भांडं) बोल्टांवर जुनी लाल माती तेलात भिजून दगडासारखी बसली होती. एकाही बोल्टाला पाना लागल्याची खूण नाही. चेंबर उतरवल्याशिवाय बेअरिंगपर्यंत हातच पोचत नाही. मग पिशवीतली बेअरिंगं उलटी करून बघितली, तर पाठीवर ०.५० चा छाप. हे जादा जाडीचं माप घासून बारीक केलेल्या क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला लागतं. न उघडलेल्या इंजिनात स्टँडर्ड असतं. म्हणजे मला दाखवलेली झीज दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीची.

बोल्टांचे आणि छापाचे फोटो घेऊन गॅरेजात गेलो. आधी मिस्त्रीचा आवाज चढला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, तिथे जाणार, असं सांगितलं आणि समोरच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तेव्हा उतरला. संध्याकाळी खात्यावर १८,००० जमा झाले.

रोखीच्या १३,५०० चं विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "कसले पैसे? पावती आहे का?"